मामाची मुलगी म्हणजे नातं नव्हे

माय, तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार साल उलटल्यावर, आम्ही तुझ्या नातीला घेऊन वर्ध्याच्या एका दवाखान्यात गेलो होतो. त्याबद्दल तुला सांगायचं राहिलं आहे. ताप-खोकल्याचा दवाखाना नव्हता तो. काही मुलं तान्हेपणापासूनच जाड का होतात, ते आईबापांच्या रक्तातून येतं का, याचा तिथे अभ्यास चालायचा. देवळीच्या आपल्या डॉक्टरांनीच पाठवलं. म्हणाले, औषध मिळेल अशा आशेनं जाऊ नका, झालंच तर कारण कळेल. पोरगी तेव्हा बारावीला होती. तिला कारणच हवं होतं.

तू पाहिलीस ती फार तर दुसरीतली. अंगावर पीत होती तेव्हाही तिचं पोट भरत नसे, चालायला लागायच्या आधीच मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. आम्ही नवराबायको काड्यांसारखे, त्यामुळे गावाला जास्तच गंमत. शाळेतली पोरं तिला गठाण म्हणायची. जिनिंगमधून दाबून, पट्ट्या आवळून निघते ती कापसाची गठाण. तू पोळ्यांचा डबा आलमारीत ठेवायला लागलीस आणि किल्ली कमरेला. संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत शाळेतल्या जुन्या कविता चालीवर म्हणत बसलेलो असायचो, आणि आतून तुझा आवाज यायचा, "आत्ताच तं जेवली न तू. भूक नाई लागली तुले, खोटं बोलून राह्यली." मग तेच सुनेकडे वळायचं. तिच्या हाताला वळण नाही, पोरीनं तोंड उघडलं की घास कोंबते, भावाची लेक म्हणून हौसेनं आणली आणि हे असं. आणि तूच पोरगी बारीक व्हावी म्हणून शनिवार धरलास. दिवसभर चहासुद्धा नाही. संध्याकाळी उपास सोडायला केलेली साबुदाण्याची उसळ तुझ्या ताटलीतून तीच अर्धी खायची, आणि तेव्हा मात्र तू काही बोलायची नाहीस. इतक्या कवितांचे अर्थ लावले आयुष्यभर, याचा मला अजून लागला नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई पुण्याकडची, वयानं लहान. तिनं कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, अशी सगळ्या खानदानाची आकृती काढायची म्हणाली. ती विचारते, "लग्नाआधी तुमचं एकमेकांशी काही नातं होतं का?" मी नाही म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो. ती डावीकडे माझी माणसं काढते, उजवीकडे तुझ्या सुनेची, मधे भरपूर जागा सोडून. कोण जाड होतं, कोण लहानपणी गेलं, सगळी विचारपूस होते. मग ती सुनेला आत्यांबद्दल विचारते.

"एकच आत्या होती," तुझी सून खाली मान घालूनच माझ्याकडे हात करून सांगते. "यायची माय."

बाईंचा पेन थांबतो. "मग नातं नाही कसं म्हणालात?"

"मामाची पोरगी आहे न ती," मी म्हणतो. "ते नातं नाही मॅडम, तो हक्क असतो."

रक्ताच्या नळ्या मांडत असलेली नर्स सिंदीची होती. ती भिंतीकडे तोंड करून हसली. मॅडमला म्हणाली, आमच्या इकडे असंच चालते, मामाघरी पोरगी असताना बाहेरची पाहिली तर मामा वर्षभर बोलत नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा कागद घेतला. वर तुझे आईवडील, त्यांच्याखाली तू आणि मामा, तुझ्याखाली मी, मामाखाली ती, आणि आम्हा दोघांच्या रेघा येऊन एका गोलाला मिळालेल्या. तो गोल त्यांनी काळा केला. मला वाटलं, दोन ओळी लांबून वेगवेगळ्या निघाव्यात आणि शेवटी एकाच यमकावर येऊन टेकाव्यात, तसं आहे हे. कुणाला बोललो नाही. ती जागा नव्हती. सगळ्यांचं रक्त घेतलं. तुझं असतं तर फार उपयोग झाला असता, असं बाई म्हणाल्या.

काही महिन्यांनी निकाल सांगायला बोलावलं. आता पुरे, असा निरोप शरीरानं मेंदूला द्यायचा असतो. आपल्या पोरीत तो पोचतच नाही. खोट तुझ्यातही होती, मामातही होती, पण एकेकच, म्हणून तुमचं काही बिघडलं नाही. तुझी माझ्याकडे आली, मामाची तिच्याकडे, आणि पोरीच्या वाट्याला दोन्ही. कोण किती खाऊ घालतं यानं ती खोट येतही नाही, जातही नाही. औषधाचं परदेशात काही चाललं होतं, इथे नव्हतं.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे मले खरंच भूक लागत होती?"

"हो," बाई म्हणाल्या. "आत्ताही लागली असेल."

"लागली हाय," ती म्हणाली, आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

एस.टी.त ती खिडकीशी बसून चिवडा खात होती, कुणाची नजर चुकवत नव्हती. देवळीच्या स्टँडवर उतरताना तुझी सून एवढंच म्हणाली, "आत्या असायले पाह्यजे होती आज."

पोरगी आता नाचणगावला शिवणकामाचे वर्ग घेते. वजन आहेच, गुडघे दुखतात. भूक लागली की भूक लागली म्हणते, कुणी वाद घालत नाही.

स्टँडवर सून ते कशासाठी म्हणाली, मी कधी विचारलं नाही. तुला ऐकवायचं असेल तर त्यात तिचं काही चुकलं नाही. मला मात्र त्या दिवशी तू नव्हतीस याचं बरं वाटलं होतं. तू असतीस तर तिला बोलणं सोडून स्वतःला बोलायला लागली असतीस, आणि ते माझ्यानं ऐकवलं नसतं. तिला बोलायचीस ते ऐकवत होतं. हे मला लिहिता लिहिता कळलं, म्हणून हा कागद तिच्या हाती लागू देणार नाही.