कोरा रकाना

सिद्धेश्वर, ता. औंढा
१२ ऑगस्ट, मंगळवार

बाळ मोहिनी,

तुझ्या शेषराव काकाचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. डोळे मात्र थकले. संगणकाच्या त्या पायथन भाषेत एक ओळ जराशी आत-बाहेर झाली की सगळं अडतं, अन् मला आता तेच दिसत न्हाई.

चाचण्या लिहून झाल्या. माझी स्क्रिप्ट मेंढपाळ बनून तुमचं मेंढरांच्या लसीचं अ‍ॅप भरते: नाव, गाव, मेंढरं किती. मग लसीची पाळी लागली का ते बघते. बाकी सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हंजी पास आल्या, एक तांबडी, नापास. मेंढरांचा रकाना कोरा ठेवला की अ‍ॅप शून्य धरतं अन् पाळीच देत न्हाई.

तू फोनवर म्हणालीस, "काका, कोरा ठेवतं कोण? ती चाचणी काढून टाका. सोमवारी अ‍ॅप जिल्हाभर सुरू करायचंय."

कोण ठेवतं? तू आपल्या मेंढवाड्यावर वाढलीस, पोरी. परक्यानं इचारलं तर आपण मेंढरांचा आकडा सांगतो व्हय? दृष्ट लागंल म्हणून दडवतोच.

आता टाळत बसत न्हाई. जूनमध्ये अ‍ॅप आजमावायला आपल्या गावात आणलं, तवा तुझ्या बापानं तो रकाना कोराच सोडला. लसवाल्यांनी फोनमधी शून्य पाहिलं. गाडी मेंढवाड्यापुढून निघून गेली. आखाडात रोग आला अन् अर्धा कळप गेला.

वहिनी, तुझी आई, दादाला म्हणाली, "आकडा सांगितला असता तर जीभ झडली असती का?"

"तुझ्या माहेरचे सांगत असतील," दादा म्हणाला, अन् मेलेल्या कोकरापाशी बसून राहिला. मला बजावलं, "पोरीला कळवू नको. तिच्या कामात खोट निघल."

काल तुझ्या म्हणण्यापरमाणं चाचणी काढली. सगळं हिरवंगार झालं. लई थकलो होतो, वाटलं, हेच पाठवावं अन् निजावं. पण जिल्ह्यात आपल्यावाणी मेंढवाडे काय एकदोन आहेत? ती चाचणी परत लिहिली.

तांबडीच पाठवून राहिलो. काढायची असली तर तू तुझ्या हातानं काढ. पण त्याआधी घरी एक फोन कर. मी लिहिलं ते दादाला कळलं तर कळू दे. लपवायची ताकद उरली न्हाई.

तुझ्या बापाचा धाकटा भाऊ,
शेषराव