उंद्री पडद्यावर नाही

प्रिय निवृत्ती,

आमचे सर्व्हर सांभाळणाऱ्या तुझ्या कंपनीनं माझ्या ताकाचा बळी घेतला, ही तक्रार आधी नोंदवून घे. आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत एसी एकच, तोही सर्व्हरच्या खोलीत. इतकी वर्षं माझी ताकाची बरणी त्या गारव्यात सुखानं नांदत होती. तुम्ही पुण्याहून फर्मान काढलंत, सर्व्हरजवळ खाद्यपदार्थ नकोत. आता जेवणाच्या सुटीपर्यंत ताक आंबून जातं. सर्व्हर मात्र गार. गार राहून त्यानं काय दिवे लावले, ते ऐक. ईमेल तुमच्याच सर्व्हरवरून फिरेल, म्हणून हा कागद.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुला मी सांगावं? धामणगाव बढ्याचा तू. तुझ्या वडिलांचे नांगर-तिफण त्या दिवशी हळदकुंकू लावून भिंतीला टेकून बसायचे. उंद्री शाखेतल्या रोखपाल पंचफुलानं तिथला सर्व्हर पुसला, झेंडूची माळ घातली आणि बंद करून ठेवला. मला म्हणाली, "पुजलेल्या हत्याराले त्या दिवशी हात नाही लावत, ताई." तुम्ही शहाण्यांनी सगळ्या शाखांना अपडेट पाठवायला नेमका तोच दिवस निवडलात. बाकीचे सर्व्हर नवे झाले. उंद्रीचा उत्तर देईना, म्हणून तुमच्या यंत्रणेनं त्याला परस्पर वगळून टाकलं. दसऱ्यानंतर तो उठला, तो जुनाच.

मग जुन्याचं नव्याशी जमेना. उंद्रीच्या लोकांनी सोयाबीनचे पैसे भरले, ते मुख्य कचेरीत पोचलेच नाहीत. दिवाळीच्या तोंडावर खिडकीशी गर्दी आणि शिव्या खायला पंचफुला. आमचे अध्यक्ष उकंडराव, ज्यांना माऊस अजून दोन्ही हातांनी धरावा लागतो, ते गरजले, "पुण्याचा पडदा हिरवा हाये, म्हंजे साऱ्या शाखा ठीक, बाईच खोटी हाये. काढा तिले!" तिच्या पगारावर एक घर जेवतं. उकंडरावांच्या अकलेवर मांजरही जेवणार नाही.

मी एसटीनं उंद्रीला गेले. अपडेट हातानं चढवलं, अडकलेले पैसे सुटले. मग तुमचा हिरवा पडदा नीट पाहिला. त्यात उंद्री नाहीच! जो उत्तर देतो तेवढाच तुम्ही मोजता; जो गप्प, तो तुमच्या लेखी जन्मलाच नाही. हजर पोरांचीच हजेरी घेऊन 'सगळे हजर' लिहिणारा मास्तर तुमच्यापेक्षा बरा, तो निदान गावात तरी राहतो. आणि खाली अहवाल: 'सर्व शाखा अद्ययावत, उंद्रीतील दोष कर्मचाऱ्याचा.' सही तुझी. काऊन रे निवृत्ती? उंद्रीला एक फोन लावला असता तर बोट झिजलं असतं?

सोमवारी सभा आहे, तिथं पंचफुलाचा निकाल लागायचा. माझं टिपण तयार आहे, पडद्याच्या फोटोसकट. ती नोकरीवर राहील, ते मी बघते. पण आठवतं, आपल्या तंत्रनिकेतनाच्या परीक्षेला येताना माझा ड्रॉइंग बोर्ड एसटीच्या टपावरून पडून फुटला होता. तू आपला बोर्ड माझ्यापुढे सरकवलास आणि स्वतः खडबडीत बाकावर कागद चिकटवून रेघा मारल्यास. मी पास झाले, तुझा विषय राहिला. त्यावर तू कधी अवाक्षर काढलं नाहीस. तर आता टिपणात तुझ्या नावाची जागा मी कोरी सोडली आहे. शनिवारपर्यंत अहवाल तू स्वतः दुरुस्त करून पाठव. आला, तर माझं टिपण मी फाडीन. तुझा बोर्ड परत केला, असं समज.

तुझीच,
सिंधू