खांबाचं पोट

बाबा, काल मी ग्रीसमध्ये एका पडक्या देवळासमोर होते. छप्पर नाही, देव नाही, नुसते दगडी खांब. काही उभे, काही जात्याच्या तळीसारखे गोल तुकडे होऊन गवतात पडलेले. टूरमधले सगळे जोडीजोडीने फोटो काढत होते, मी आपली एकटीच पायरीवर बसलेली. गाईड सांगत होती, हे खांब मधे किंचित फुगीर ठेवलेत, सरळ केले असते तर लांबून आत गेल्यासारखे दिसले असते. मला एकदम कुणाला तरी सांगावंसं वाटलं की हे मी आधी ऐकलंय, अंधेरीच्या स्टुडिओत, माझ्या वडलांच्या तोंडून. पण शेजारी कुणी नव्हतं.

गिरणी बंद पडली आणि तुम्ही त्या स्टुडिओत सेटच्या सुतारकामाला लागलात. मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला, घराण्यातली पहिली कॉलेजवाली, डोक्यात नुसती हवा. शनिवारी कांदिवलीहून तुमचा डबा घेऊन येते, तर तुम्ही फोटोवरून ग्रीक देवळाचे खांब करताय. लाकडी पट्ट्यांचे सहा सांगाडे तयार, प्लास्टर तेवढं लागायचंय. मी पिशवीतली पट्टी काढून लावते आणि सगळ्यांदेखत म्हणते, "बाबा, तुमच्या खांबांना पोट सुटलंय. खांब सरळ असतो." तुम्ही शांतपणे सांगता, "गो बाय, सरळ खांबो लांबसून आत बसल्यासारखो दिसता." पण तुमचा मुकादम म्हणतो, "पोरगी शिकलेली आहे ना? मग खोला सगळे, परत ठोका." तुम्ही सहाही खोललेत आणि सरळ करून परत ठोकलेत. डबा तसाच घरी आला.

शूटिंग संपल्यावर सेट मोडला. मागच्या अंगणात तुमचे खांब आडवे पडले होते, प्लास्टर गळून पट्ट्या उघड्या. तुम्ही एकावर हात ठेवून म्हणालात, "बघ, सरळ खांबो मदी आत बसल्यासारखो दिसता." मी म्हटलं, चला ना बाबा, उशीर होतोय.

हे सगळं मला काल कळलं, असं लिहायचं ठरवून बसले होते. खोटं आहे ते. दुसऱ्या वर्षालाच सरांनी फळ्यावर हाच खांब काढून त्याचं पोट समजावलं होतं. मी वहीत नीट उतरवूनही घेतलं. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात, रोज माझ्यासमोर जेवायला बसायचात. वही तेवढी उघडून दाखवायची होती. मी ती पिशवीतून बाहेर काढली नाही.