सहाव्या आठवड्यातला प्रोग्रॅम

१२ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. आईच्या गुडघ्याला आता पट्टा लागत नाही. तुझ्या कापडावरच्या नक्षीचे फोटो तिने दाखवले. मला पाठवले नव्हतेस, तरी पाहिले.

कॉलेजात सध्या एकच वाद: पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरची पहिली भाषा सी शिकवायची की पायथन. सी गेली की बावीस वर्षं मी शिकवत आलेला तो वर्ग माझ्या हातून जाणार. पायथनच्या बाजूने नव्या मॅडम आहेत. त्यांनी एका तुकडीला ती शिकवून पाहिली आणि सहाव्या आठवड्यात चाळीसपैकी अडतीस जणांचे प्रोग्रॅम चालले. माझ्याकडे तोवर चार चालतात, तेही ढापलेले. म्हटलं, बाई उत्तरं वाटताहेत.

मशीन तपासायच्या निमित्ताने त्यांच्या लॅबमध्ये जाऊन बसलो. एका मुलीच्या प्रोग्रॅमने गुणांची यादी क्रमाने लावली होती.

"कुणाचा उचललास?"

"माझाच आहे, सर."

"मग यादी उलटी लावून दाखव."

लावली. नापास वगळायला सांगितले, तेही वगळले. "अजून काही शंका, सर?" तिने विचारलं. मॅडम मागून म्हणाल्या, "तिला सोडा आता, चहा घ्या."

मी आणखी सहा जणांना छेडलं. पाच जणांनी बदलून दाखवलं. सहावा सापडला तेव्हा मला बरं वाटलं. हे तुला सांगायला नको होतं.

सीमध्ये पहिला प्रोग्रॅम चालेपर्यंत मुलांची दमछाक होते. म्हणून लवकर चालला तो चोरीचा, हे मी धरूनच चाललो. तुझा सहाव्या आठवड्यात चालला होता. मी वर्गासमोर शून्य दिलं, आणि लेकीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून जरा मोठ्यानेच. "बदलून दाखव" एवढं म्हणालो नाही. जानेवारीत तू कॉलेज सोडलंस. तिला झेपलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

परवा बैठक आहे. मतं सारखी पडतील, माझ्या मतावर ठरेल. मी पायथनसाठी हात वर करणार. मॅडम त्यावर पुस्तक लिहिताहेत म्हणे, तेव्हा त्यांच्यावर पुरता विश्वास नाहीच. माझ्यावरही नाही. दोष भाषेवर ढकलणं सोपं आहे.

'खरंच तुझाच होता ना?' अशी एक ओळ मघाशी लिहून गेलो होतो. खोडली आहे. वाचता आली तरी उत्तर देऊ नकोस.

तुझा,
बाबा