टाके झाल्यावर लावलेला चष्मा

मंगळवार, संध्याकाळ

किळस आलीय. टोचताना मुलांचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून आमच्या दवाखान्यात व्हीआरचा चष्मा आणलाय. आज उत्तन गावची छोटी रोझी तळहात कापून आली, तेव्हा त्याची बॅटरी संपलेली. डॉक्टर दुपारभर पाहुण्यांना तो दाखवत होते! टाके तसेच घातले. मी तिला धरून होते.

मग चष्मा चार्ज झाला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता लाव तिला, व्हिडिओ घेऊ."

"टाकं झालं ना, आता कशाला?" रोझीने विचारलं.

तरी मी लावला. का लावला? आतला स्पंज तिच्या डोळ्यांतल्या पाण्याने भिजला. सांगितल्याप्रमाणे मी विचारलं, "दुखलं नाही ना?"

"लय दुखलं."

आत्ता स्टाफच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. माझा प्रश्न आहे, तिचं उत्तर कापलंय, पुढे गाणं. डॉक्टरांनी लिहिलंय, "उद्या दवाखान्याच्या पेजवर टाकतोय." तो ओला स्पंज अजून बोटांना जाणवतोय. आमची आई कडू औषधाला कडूच म्हणायची.

नोकरी जाईल का? तरी व्हिडिओखाली लिहिलं, "चष्मा टाके झाल्यावर लावला. रोझीला खूप दुखलं होतं."

सगळ्यांनी वाचलंय. मी ते पुसणार नाही.