दोन्ही पायांनी लंगडणारा हिरो

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मोठा मी होणारच आहे, मग आधीच सुरुवात केलेली बरी.
लॉन्ड्रीच्या गेटवर पोस्टर लागलंय. नाटकासाठी अपंग कलाकार हवेत, अनुभवाची अट नाही. वाचायला वेळ लागला, पण वाचलं. बॉयलरवाले मामा म्हणाले, जा की, तुझ्यासाठीच लावलंय. असं का म्हणाले कळलं नाही. माझा डावा पाय दोन बोटं आखूड आहे हे इथे कुणालाच माहीत नाही. जाड तळाचा बूट आणि चालण्यातली ऐट, विषय संपला. अपंग वगैरे मी नाही. पण चान्स मिळत असेल तर का सोडा? या पायापायी पोलीस भरती गेली, एक सोयरीक गेली. आता त्याने भरपाई करावी.

मंगळवार, ५ मार्च. जेवणाची सुट्टी.
आईला फोन. नाटकात घेतलं म्हणून सांगितलं. ऑडिशन रविवारी आहे, पण मिळणारच आहे तर आधी सांगून काय बिघडतं? काम कोणतं, विचारलं. हिरो म्हणालो. आता त्याखाली उतरता येणार नाही. एव्हाना गल्लीभर झालं असेल.

गुरुवार, ७ मार्च
लंगडण्याचा सराव. माझं खरं लंगडणं फार बारीक. स्टेजवर शेवटच्या रांगेला दिसायला नको? शिवाय डाव्या बाजूने माझा चेहरा बरा दिसत नाही. म्हणून उजव्या पायाने लंगडायचं ठरवलं. ओल्या चादरींची ट्रॉली ढकलत तसाच गेलो-आलो. सुपरवायझरने विचारलं, पाय मुरगळला का? सुपरवायझर फसला, तिथे नाटकवाल्यांची काय कथा!

रविवार, १० मार्च. संध्याकाळ.
ऑडिशन. व्हीलचेअरवरच्या एका मुलीने असं भांडण केलं की दारातला वॉचमन आत आला. एका बहिऱ्या तरुणाने नुसत्या हातांनी आख्खी मारामारी सांगितली. ठीक होते दोघं.
डायरेक्टर बाई आंधळ्या. सगळे ताई म्हणतात. मनात म्हटलं, काम सोपं झालं. चाललो. ताईंनी परत चालायला सांगितलं. परत चाललो.
"डावा खरा आहे," ताई म्हणाल्या. "उजव्याला काय झालंय? दोन्ही पायांनी लंगडणारा माणूस मी आज पहिल्यांदाच ऐकला."
हॉल हसला. व्हीलचेअरवाली सगळ्यांत जास्त. बहिऱ्याला कुणीतरी हातांनी समजावलं, मग तोही हसला. सावकाश, चवीने. ही माझी स्टाइल आहे, असं मी ठणकावलं. ताई म्हणाल्या, बूट काढून चाला. नाही काढत, म्हणालो आणि निघून आलो. अपमान गिळणाऱ्यांतला मी नव्हे.

सोमवार, ११ मार्च
ताईंचा फोन. काम देतायत. पडदा उघडला की रिकाम्या स्टेजवरून अनवाणी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं. वाक्य एकही नाही. मी स्पष्ट सांगितलं, हिरो नसेल तर जमणार नाही. म्हणाल्या, हिरोचं काम व्हीलचेअरवालीला दिलंय. बरं, मग दोन वाक्यं? नाही. एक? नाही. विचार करून कळवतो म्हणालो. चहा निवायच्या आत हो कळवलं. माझ्यावाचून त्यांचं अडलं असतं.

बुधवार, २० मार्च
तालीम. बूट काढला. जमीन फार गार असते. मी चालण्यात आर्ट ओतत होतो. ताई म्हणाल्या, ओतू नका. पलीकडे जायचंय, जा.
व्हीलचेअरवालीला गप्प बसवत नाही. म्हणाली, "अरे हिरो, मी आले की लोक वाट सोडतात. तू आलास की तूच सॉरी म्हणत येतोस." चांगलं सणसणीत उत्तर सुचलं होतं. बसमध्ये.

सोमवार, २५ मार्च
स्टेजला पायऱ्या आहेत. हॉलचा मॅनेजर म्हणाला, चार माणसं खुर्ची उचलतील, त्यात काय. व्हीलचेअरवाली म्हणाली, मी काय कपाट आहे? रॅम्प करा, नाहीतर शो नाही. मॅनेजर नियम सांगायला लागला. ताई खाली बसल्या, सगळे बसले. मी मागून "बरोबर आहे" म्हणालो. संध्याकाळी सुतार आला. माझ्या शब्दाला वजन आहे.

शनिवार, ३० मार्च
उद्या शो. मामांनी आख्ख्या लॉन्ड्रीला गोळा केलंय. सगळे पाय बघणार. शो रद्द झाला म्हणून सांगून पाहिलं. मामा म्हणाले, पास खिशात आहेत, झोप आता. उद्या मला ताप येणार आहे. नक्की.

सोमवार, १ एप्रिल
ताप आला नाही. तापाच्याही भरवशावर राहण्यात अर्थ नाही.
पडदा उघडला. समोर अंधार, त्यात लॉन्ड्री. आर्ट पार विसरलो. पलीकडचं टोक दिसत होतं, तिकडे गेलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर तिथेच थांबून विचारलं असतं, काय आहे? टाळ्या पडल्या, भरपूर.
बाहेर मामा भेटले. पाय म्हणे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता, सगळ्यांनाच. मामांना थापा मारायची सवय आहे.

मंगळवार, २ एप्रिल
मामांनी काढलेला शोचा व्हिडिओ बहिणीने तिच्या फोनवर आईला दाखवला. हिरोचं काम करणारी पोरगी आईला फार आवडली. मी विचारलं, माझं काम?
"तुझं कधी आलं?" आई म्हणाली. "सुरुवातीला तू इकडून तिकडे गेलास ते बघितलं. मग शेवटपर्यंत वाट बघत बसले, तू आलाच नाहीस."
म्हटलं, तेच काम.
"ते होय? ते तर तू चालत होतास."
एवढी मेहनत केली, आणि सख्ख्या आईला अभिनय ओळखता आला नाही.