सुभद्राबाईंना पाहायला पुण्याचे साहेब

बार्शीटाकळी,
शुक्रवार दुपार

तीर्थस्वरूप माणिकताईस, तुझ्या धाकट्या भागीरथाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मला इथे बसून दिसतं. भाऊजींनाही नमस्कार. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त आवाज पार बसलाय, आणि तो कशाने बसला ते सांगायलाच हे पत्र. (फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच "मग?" म्हणतेस आणि मी भलतीकडे जाते.)

माझं काम तुला अजून नीट कळलेलं नाही. तू सगळ्यांना सांगतेस, आमची भागीरथा कॉम्प्युटर शिकवते. मी काहीच शिकवत नाही गं. घरी बसून शिवणकाम, वायरिंग, मोटरदुरुस्ती असे कोर्स करणाऱ्यांना इथल्या प्रशिक्षण केंद्रातून आधार देते. व्हिडिओ अडकला, पासवर्ड विसरला, सासूने मोबाइल ताकात पाडला (हे खरंच झालं), की लगेच भागीरथाताईला फोन.

यंदा माझा सगळा जीव सुभद्राबाईंत अडकला होता. वय पंचेचाळीस, घरात सून आलेली. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या सालापासून त्यांच्या घरी नवं काही करायचा विषय निघाला की सगळे ताटात पाहत जेवतात. त्या ताटावरून ही बाई उठली आणि मोटर रिवाइंडिंगला नाव घातलं. म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार उपसून नवी भरायची. त्यांच्या गावचा पंप बिघडला की अकोल्याला जातो आणि पीक सुकल्यावर परत येतो. ग्रामपंचायत बसथांब्याजवळचा गाळा त्यांना द्यायला तयार होती. अट एकच, महिनाअखेर प्रमाणपत्र हवं. नाहीतर गाळा पानठेल्याला. आणि नेमकी यंदा प्रात्यक्षिक परीक्षा ऑनलाइन, परीक्षक पुण्यात बसून मोबाइलवर पाहणार.

पुढची चूक माझी. आदल्या दिवशी मी त्यांच्या यजमानांना, नत्थुजींना, फोनवर सूचना दिल्या. पुण्याचे साहेब उद्या सुभद्राबाईंना पाहणार आहेत. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे, दोन्ही हात दिसले पाहिजेत, आधी खोली चारही बाजूंनी दाखवावी लागेल. ताई, तूच सांग, असा कार्यक्रम आपल्याकडे कोणता असतो? आपलं लग्न मोडून दुसरं ठरतंय असा त्यांचा समज नव्हता. पण परगावचा पाहुणा घरच्या बाईला पाहणार म्हटल्यावर कसं वागायचं, याची त्यांना एकच रीत ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात बसून पडद्यावर पाहते, तर सुभद्राबाई शालू नेसून, पदर डोक्यावर घेऊन, नजर खाली लावून पाटावर. शेजारी फेटा बांधलेले नत्थुजी. चांदूर बाजारहून मुद्दाम आलेला त्यांचा भाऊ डोमाजी. समोर मोटर, तिला हळदकुंकू. परीक्षकांनी खोली दाखवा म्हटल्यावर सुनेने फ्रिज दाखवला, गॅस दाखवला, मग गोठ्यात जाऊन बैलही दाखवले. डोमाजी म्हणाला, "घर सादं हाय साहेब, पण मानसं चांगले हायेत." हात दाखवा म्हटलं, तर सून म्हणाली, "मेंदी लावाले टाइमच नाई भेटला." परीक्षकांनी नाव विचारलं, उत्तर नत्थुजींनी दिलं. "लाजून राहिली ते. सैपाकाले मात्र एक नंबर हाय."

पदराखालून आवाज आला, "घरी तं कदी म्हटलं नाई!"

तेवढ्यात मोबाइलसमोर पोह्यांची ताटली सरकली. परीक्षक (बिचारा तरुण होता) म्हणाला, परीक्षार्थीशिवाय खोलीत आणखी कोणी दिसलं तर परीक्षा रद्द करावी लागेल. मी इकडून जीव तोडून ओरडत होते, बाहेर व्हा, सगळे बाहेर व्हा! कोणी हलेना. माझा आवाज परीक्षकांनी पहिल्यापासून बंद ठेवला होता, हे मला मागाहून कळलं. माझ्या घशाची ही कथा.

मग सुभद्राबाई उठल्या. पदर कमरेला खोचला.

"चाला, बाहीर व्हा सारे. पोहे बी घेऊन जा. साहेब मोटर पाहाले आले, मले नाई."

ताई, त्यानंतर मी ओरडायची थांबले. त्या शालूतल्या बाईने मोटर उघडली, वेटोळी भरली, जोडण्या केल्या. एकदाही पडद्याकडे पाहिलं नाही. मी स्वतःला इतकं विसरून कधी काही केलंय का, असं मनात येत होतं, तेवढ्यात त्यांच्याकडची लाइट गेली. आणि मोटर चालवून दाखवणं तेवढं बाकी!

पण ओसरीवर पोहे खायला शेजारचे अब्दुल रहीम आले होते. ते मंडपवाले, गल्लीत त्यांचा जनरेटर उभा. तो धडधडला, आणि खिडकीतून वायर धरलेला एक हात आत आला.

"तो हात कोणाचा?" परीक्षकांनी विचारलं.

"जनरेटरचा, साहेब," सुभद्राबाई म्हणाल्या. मोटर फिरली. गुणगुणल्यासारखी, एका सुरात.

परीक्षक हसला आणि नियमाप्रमाणे म्हणाला, निकाल नंतर कळवतो. झालं! ओसरीवर सुतक. डोमाजीने निकालच लावला, "कळवतो मंजे नाई." संध्याकाळी नत्थुजींचा मला फोन. आवाज अगदी पडलेला. "काय कमी होतं हो तिच्यात?" मी बसक्या घशाने समजावलं, पण खरं सांगते, निकाल लागेपर्यंत मलाही घास गोड लागला नाही.

काल निकाल लागला. सुभद्राबाई केंद्रात पहिल्या! गाळ्याची किल्ली आज त्यांच्या कमरेला आहे, आणि गावात जो भेटेल त्याला डोमाजी सांगतोय, पसंत पडली!

कळावे, लोभ आहेच.
तुझी,
भागीरथा

ता. क. पुढच्या रविवारी दुकान उघडतंय, ये. येताना तुमच्या बोअरची मोटर आण. चांगली चालत असेल तर भाऊजींना सांग, थोडी कोरडी चालू ठेवा, आपसूक जळेल.

आणखी ता. क. आता खरं काम. भाऊजींचा जुना मोबाइल कपाटात पडलाय, तो त्यांना न विचारता घेऊन ये. सुभद्राबाईंचा फोन आता दुकानाचा झाला, आणि नत्थुजी आज सकाळी केंद्रात येऊन बसले होते. टोपी हातात फिरवत म्हणाले, "ताई, मलेबी बसवा एखांद्या परीक्षेले. सैपाकाचा कोर्स हाय काय? बायको आता दुकानातून उशिरा येईन."